जुन्या चुकांना मुदत हवी

एखादा माणूस निवडणुकीला उभा राहतो, मोठ्या पदावर नेमला जातो, किंवा नुसताच कोणाच्या तरी डोळ्यांत खुपू लागतो. मग कोणीतरी रात्र जागवून त्याने पंधरा वर्षांपूर्वी लिहिलेल्या चार ओळी शोधून काढतो. ओळी बहुधा वाईटच असतात. उद्धट, अडाणी, कधी कोणाचे मन दुखावणाऱ्या. दिवस उजाडेपर्यंत दोन तट पडलेले असतात. एक म्हणतो, हाच त्याचा खरा चेहरा, बाकी सगळे सोंग. दुसरा म्हणतो, पोरवयात लिहिले होते, सोडून द्या आता. गंमत म्हणजे पुढच्या महिन्यात सापडलेला माणूस दुसऱ्या बाजूचा निघाला, की हेच दोन तट जागांची अदलाबदल करतात आणि एकमेकांची वाक्ये जशीच्या तशी उचलतात.

म्हणून आपला कोण आणि परका कोण हे क्षणभर बाजूला ठेवून या प्रश्नाकडे पाहायला हवे. माणसाच्या जुन्या चुकीला काही मुदत असावी की नाही? असावी, असे माझे मत आहे. आणि ती कोणाच्या मनाच्या मोठेपणावर न सोडता कायद्यांत, कार्यालयांच्या नियमांत, वृत्तपत्रांच्या पद्धतीत लिहून ठेवलेली असावी. मात्र ही मुदत नोंदीला नको. नोंद राहू द्यावी. मुदत हवी ती तीच नोंद त्या माणसापुढे जन्मभर नाचवण्याला. या दोन गोष्टींची गल्लत झाली की हा वाद हमखास भरकटतो, आणि ती गल्लत दोन्ही बाजू करतात.

आधी मुळाचा प्रश्न. माणूस बदलतो का? आपल्या म्हणींना विचाराल तर उत्तर ठाम नकाराचे. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही. सुंभ जळतो, पीळ राहतो. कुत्र्याचे शेपूट तर नळीत घालूनही वाकडेच. म्हणी अनुभवातून येतात हे खरे, पण कोणाच्या अनुभवातून? ज्याला त्रास झाला त्याच्या. ज्याची खोड कोणाच्या नकळत सुटली, त्याच्यावर म्हण रचायला कोणाला सवड होती?

बदलाबद्दलचा आपला अंदाज स्वतःच्या बाबतीतही चुकतो. २०१३ साली जोर्डी क्वाडबाख, डॅनियल गिल्बर्ट आणि टिमथी विल्सन या मानसशास्त्रज्ञांनी १८ ते ६८ वर्षे वयाच्या १९ हजारांहून अधिक लोकांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. काहींना त्यांनी विचारले, गेल्या दहा वर्षांत तुमचा स्वभाव, तुमची मूल्ये, आवडीनिवडी किती बदलल्या? काहींना विचारले, पुढच्या दहा वर्षांत किती बदलतील? प्रत्येक वयाच्या माणसांचे उत्तर साधारण सारखेच आले. मागे वळून पाहिले तर बराच बदल, पुढे पाहिले तर फारसा नाही. तिशीतला माणूस म्हणतो, आता झालो मी जसा व्हायचा तसा. चाळिशीतला माणूस तिशीतल्या स्वतःकडे पाहून हसतो, आणि लगेच वर तेच वाक्य म्हणतो.

याहून लांब पल्ल्याचा एक अभ्यास स्कॉटलंडचा आहे. १९५० साली तिथल्या शिक्षकांनी चौदा वर्षांच्या १२०८ मुलांच्या स्वभावाला गुण दिले होते. आत्मविश्वास, चिकाटी, मनाचा स्थिरपणा अशा सहा बाबी होत्या. साठ वर्षांनंतर संशोधकांनी त्या मुलांना, म्हणजे आता आजोबा-आजी झालेल्यांना, शोधायला सुरुवात केली. १७४ जण पुन्हा तपासून घ्यायला तयार झाले. सरासरी वय ७७. चौदाव्या वर्षीच्या गुणांचा सत्त्याहत्तराव्या वर्षीच्या गुणांशी जवळजवळ काहीच संबंध लागला नाही. २०१६ साली हे निष्कर्ष छापून आले. त्यांवर आक्षेप घेता येतात आणि घ्यायलाच हवेत. पहिल्या वेळी शिक्षकांनी गुण दिले, दुसऱ्या वेळी स्वतःने आणि जवळच्या एखाद्याने. १७४ हा आकडाही लहान. शिवाय पाच-दहा वर्षांच्या अंतराने केलेल्या अभ्यासांत स्वभाव बऱ्यापैकी टिकून दिसतो. मलाही त्यातून एवढेच घ्यायचे आहे की बदल संथ असतो. इतका संथ की रोज भेटणाऱ्याला तो दिसत नाही. आणि ज्याने त्या माणसाला पंधरा वर्षांत पाहिलेलेच नाही, फक्त त्याच्या जुन्या चार ओळी पाहिल्या आहेत, त्याला तर तो दिसण्याचा प्रश्नच नाही.

शब्दांचे सोडा, गुन्ह्यांचे पाहू. इथे माहिती जास्त पक्की आहे. बेल्जियमचा संख्याशास्त्रज्ञ अडॉल्फ केतले याने फ्रान्समधल्या न्यायालयांचे आकडे तपासून १८३१ सालीच दाखवले होते की गुन्ह्याकडे कल तरुणपणी झपाट्याने वाढतो, पंचविशीच्या आसपास शिखर गाठतो आणि मग उतरत जातो. तेव्हापासून वेगवेगळ्या देशांत, वेगवेगळ्या काळांत ही चढ-उताराची रेघ पुन्हापुन्हा काढली गेली. शिखर थोडे अलीकडे-पलीकडे सरकते, आकार तोच राहतो. १९९३ साली मानसशास्त्रज्ञ टेरी मॉफिट यांनी त्यात एक महत्त्वाचा भेद केला. किशोरवयात वाट चुकणारे पुष्कळ असतात आणि त्यांतले बहुतेक आपोआप वाटेवर येतात. लहानपणापासून सुरू होऊन आयुष्यभर चालू ठेवणारे थोडे असतात. अडचण एवढीच की अठराव्या वर्षी दोघे सारखेच दिसतात.

मग थांबायचे किती? याचेही उत्तर काढायचा प्रयत्न झाला आहे. आल्फ्रेड ब्लमस्टीन आणि किमिनोरी नाकामुरा यांनी १९८० साली न्यूयॉर्क राज्यात पहिल्यांदा अटक झालेल्यांच्या पुढच्या नोंदी तपासल्या. प्रश्न साधा होता. अटकेनंतर किती वर्षे स्वच्छ राहिल्यावर या माणसाकडून पुन्हा गुन्हा होण्याची शक्यता त्याच वयाच्या सर्वसाधारण माणसाइतकी खाली येते? अठराव्या वर्षी लूटमारीसाठी पकडलेल्यांबाबत उत्तर आले ७.७ वर्षे. घरफोडीला ३.८, गंभीर मारहाणीला ४.३. हे आकडे एका राज्याचे आणि एका काळाचे आहेत, दुसरीकडे ते तसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण उत्तर मोजता येते आणि ते ‘कधीच नाही’ असे येत नाही, ही गोष्ट माझ्या दृष्टीने फार मोठी आहे. लूटमार करणाऱ्याला आठ वर्षे पुरत असतील, तर पोरकट विनोद लिहिणाऱ्याला वीस वर्षे का लागावीत?

आता या सगळ्या चर्चेत मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा भाग. माणूस बदलतो तो नुसत्या वयाने नव्हे. १९४० च्या दशकात शेल्डन आणि एलिनॉर ग्लूक या दांपत्याने बॉस्टन परिसरातल्या सुधारगृहांत पाठवलेल्या ५०० मुलांचा अभ्यास हाती घेतला होता. पुढे रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांना ते कागद सापडले आणि त्यांनी या मुलांचा सत्तरीपर्यंत माग काढला. ज्यांनी वाकडी वाट सोडली त्यांच्या आयुष्यात पुन्हापुन्हा त्याच गोष्टी दिसल्या : टिकलेली नोकरी, जुळलेले लग्न, सैन्यातली भरती, जुन्या टोळक्यापासून दूरचा पत्ता. कोणत्याही व्याख्यानाने, कोणत्याही पश्चात्तापाने जे होत नव्हते, ते रोज सकाळी उठून कुठेतरी वेळेवर पोचायचे आहे आणि कोणीतरी आपल्यावर विसंबून आहे, एवढ्याने झाले.

आणि जुनी नोंद नेमकी याच्या आड येते. समाजशास्त्रज्ञ देवा पेजर यांनी अमेरिकेतल्या मिलवॉकी शहरात केलेला प्रयोग २००३ साली प्रसिद्ध झाला. शिकलेले, नीटनेटके, सारख्याच पात्रतेचे तरुण खऱ्या नोकऱ्यांसाठी अर्ज करायला पाठवले. फरक एकच. अर्जात कधी तुरुंगवासाची नोंद, कधी नाही. गोऱ्या तरुणांना नोंद नसताना ३४ टक्के ठिकाणांहून बोलावणे आले, नोंद असताना १७ टक्के. काळ्या तरुणांना नोंद नसताना १४, असताना ५. म्हणजे नोंद नसलेल्या काळ्या तरुणाला नोंद असलेल्या गोऱ्या तरुणाहून कमी बोलावणी आली. हा त्या समाजाचा वेगळा आजार झाला, त्यावर स्वतंत्र लिहायला हवे. पण नोंदीने संधी निम्म्यावर आणली, आणि जिथे संधी आधीच कमी तिथे निम्म्याहूनही खाली, हे दोन्हीकडे दिसते. ज्या नोकरीने माणूस बदलला असता ती त्याला मिळत नाही, कारण तो बदललेला नाही अशी आपली खात्री असते. मग तो खरोखरच बदलत नाही, आणि आपण म्हणतो, बघा, आम्ही सांगत नव्हतो?

नोंद माणसाचे वर्णन करते असे आपण समजतो. पेजर यांचे आकडे पाहिले की वाटते, ती त्याला घडवतही असते.

इतके सगळे समोर असताना दुसऱ्याच्या बदलावर आपला विश्वास का बसत नाही? स्वतःच्या बदलावर तर पटकन बसतो. ‘तेव्हा मी फार तापट होतो हो,’ असे माणूस हसत हसत सांगतो आणि ऐकणाऱ्याने आजच्या शांतपणाचे कौतुक करावे अशी अपेक्षा ठेवतो. ॲन विल्सन आणि मायकल रॉस यांनी २००१ साली दाखवले की लोक आपल्या जुन्या ‘मी’ला मुद्दाम थोडे कमी लेखतात, म्हणजे आजचा ‘मी’ आपोआप उंच दिसतो. दुसऱ्याच्या बाबतीत मात्र हिशेब उलटा. नदाव क्लाइन आणि एड ओब्रायन यांनी २०१६ साली केलेल्या प्रयोगांत दिसले की चांगला माणूस बिघडला असे म्हणायला आपल्याला थोडीशी वाईट कृत्ये पुरतात. वाईट माणूस सुधारला असे म्हणायला चांगल्या कृत्यांची बरीच मोठी रास लागते. यामागे थोडे शहाणपणही आहे, नाही असे नाही. फसवणाऱ्यावर चुकून विश्वास टाकला तर नुकसान होते. सुधारलेल्यावर चुकून अविश्वास दाखवला तर नुकसान होते ते त्याचे, आपले नाही. म्हणून ते आपल्या हिशेबात धरलेच जात नाही.

वाल्याचा वाल्मीकी झाला ही कथा आपण अभिमानाने सांगतो. पण सांगतो कशी, ते पाहा. एवढे महाकाव्य ज्याच्या नावावर, त्याची ओळख करून देताना वाटमारीपासूनच सुरुवात. ती वाटमारी कथेत हवीच, कारण तिच्याशिवाय बदलाची उंची कळत नाही. तरीही माझ्या मनात येते, ऋषी झाल्यावर त्याच्या आश्रमात कोणी जुना ओळखीचा आला असेल, तर त्याने हाक कोणत्या नावाने मारली असेल?

हे सारे पूर्वीही होतेच. मग आजच मुदतीचा आग्रह कशाला? कारण पूर्वी ती मुदत फुकट मिळत असे. विसरणे हा माणसाच्या मेंदूचा रोजचा उद्योग आहे. जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस याने स्वतःवरच प्रयोग करून १८८५ साली मांडले की अर्थहीन अक्षरगट पाठ केले तर तासाभरात निम्म्याहून अधिक मेहनत वाया जाते, आणि मग घसरण मंद होत जाते. आणि जे उरते तेही शुद्ध नसते. २८ जानेवारी १९८६ रोजी अमेरिकेच्या चॅलेंजर अवकाशयानाचा स्फोट झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी मानसशास्त्रज्ञ उलरिक नायसर यांनी आपल्या विद्यार्थ्यांकडून लिहून घेतले, बातमी कळली तेव्हा तुम्ही कुठे होता, कोणी सांगितली. सुमारे अडीच वर्षांनी त्यांच्यातल्या ४४ जणांना तेच पुन्हा विचारले. ११ जणांचे उत्तर मूळ कागदाशी कुठेच जुळले नाही. त्यांतल्या काहींना स्वतःच्या हस्ताक्षरातला जुना कागद दाखवला तरी पटेना. अशा यंत्रावर आपण माणसांचे खरे चेहरे ओळखतो.

यावर कोणी म्हणेल, म्हणूनच तर पक्की नोंद हवी. बरोबर. पण पक्की स्मरणशक्ती म्हणजे वरदान, हा समज तपासून घ्यावा. रशियन मानसशास्त्रज्ञ अलेक्सांद्र लुरिया यांनी सोलोमन शेरेशेव्हस्की या माणसाचा अनेक वर्षे अभ्यास केला. त्याला आकड्यांचे तक्ते आणि अगम्य अक्षरमाला वर्षांनंतरही जशाच्या तशा आठवत. त्याची खरी अडचण विसरण्याची होती. विसरायचे ते तो कागदावर लिही आणि कागद जाळून टाकी. जळलेल्या कागदावरही त्याला आकडे दिसतच राहत. शिवाय इतके बारकावे आठवत की त्यांतून अर्थ काढणे त्याला जड जाई. एकच चेहरा आज थकलेला आणि उद्या ताजा दिसला, तर तो त्याला वेगळा वाटे.

आज समाजाची स्मृती काहीशी तशी झाली आहे, आणि वर लहरीही. इंटरनेट काही विसरत नाही असे म्हणतात ते खरे नाही. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राने २०२४ साली तपासले तेव्हा २०१३ मध्ये असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पाने दहा वर्षांनी नाहीशी झालेली होती. अभ्यासपूर्ण लेख गेले, कोणाच्या हौशी कविता गेल्या, संस्थांची कागदपत्रे गेली. राहिले काय? ज्याची कोणीतरी प्रत काढून ठेवली ते. आणि प्रत माणूस कशाची काढतो? भांडणाची. म्हणजे ही स्मृती विसरतेच, फक्त चांगले आधी विसरते. जे राहते त्यावरची तारीख पुसट असते आणि मागचे-पुढचे वाक्य छाटलेले असते.

तेव्हा जे पूर्वी मेंदूच्या कमकुवतपणाने होत असे, ते आता ठरवून करावे लागेल. ठरवून विसरण्याचा इतिहास जुना आहे आणि त्यातले धडे परस्परविरोधी आहेत. इसवी सनापूर्वी ४०४ मध्ये अथेन्सवर तीस जणांची जुलमी राजवट आली. त्यांनी १५०० माणसे मारली असे ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या ग्रंथात म्हटले आहे. वर्षभरात लोकशाही परत आली आणि नागरिकांनी शपथ घेतली की जुन्या अपराधांचे उट्टे काढणार नाही. एकाने ती मोडायला सुरुवात केली तेव्हा आर्किनस नावाच्या नेत्याने त्याला परिषदेपुढे ओढले आणि चौकशीविना ठार करवले. क्षमेच्या रक्षणासाठी देहान्ताची शिक्षा! त्यानंतर कोणी प्रयत्न केला नाही, असे तोच ग्रंथ सांगतो.

पण अथेन्सने नोंद पुसली नाही, हे मला यात महत्त्वाचे वाटते. ते तीस जण आणि त्यांचे मुख्य हस्तक शपथेच्या कक्षेबाहेर होते. आपल्या कारभाराचा हिशेब जाहीरपणे द्यायला तयार झाले तरच त्यांना सवलत. वक्ता लायसियस याच्या भावाला त्या राजवटीने मारले होते. त्याने त्या तिसांपैकी एकावर जाहीर आरोप करणारे भाषण केले, आणि ते आजही वाचायला मिळते. सर्वांना सर्व आठवत होते. फक्त शेजाऱ्याने शेजाऱ्यावर खटला भरायचा नव्हता.

याउलट फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीचा १५९८ चा नांतचा आदेश. पहिल्याच कलमात त्याने कॅथलिक आणि प्रोटेस्टंट यांच्यातल्या युद्धांतल्या घटनांची स्मृती विझलेली समजावी असे फर्मावले. हेतू थोर होता. १६८५ मध्ये त्याच्याच नातवाने तो आदेश रद्द केला आणि प्रोटेस्टंटांचा छळ नव्याने सुरू झाला. आठवणीला हुकूम देता येत नाही, वागण्याला देता येतो, असे मला यातून दिसते.

आजच्या काळातला सर्वांत गाजलेला निकाल याच रेषेवर उभा आहे. मारियो कोस्तेहा गोन्सालेस या स्पॅनिश माणसाच्या मालमत्तेच्या लिलावाची सूचना १९९८ साली वृत्तपत्रात आली होती. कारण थकलेली देणी. देणी फिटली, वर्षे गेली, पण गूगलवर नाव टाकले की पहिली तीच सूचना. १३ मे २०१४ रोजी युरोपीय न्यायालयाने निर्णय दिला. वृत्तपत्राच्या संग्रहातली सूचना हलवली नाही. पण नाव शोधल्यावर ती समोर आणून ठेवणे शोधयंत्राने थांबवावे, असे सांगितले. ज्याला त्या काळच्या लिलावांचा अभ्यास करायचा आहे त्याला संग्रह खुला. ज्याला फक्त या माणसाचे नाव माहीत आहे, त्याच्या तोंडावर ते फेकायचे नाही. (विसरले जाण्यासाठी भांडलेला हा गृहस्थ त्याच कर्जासाठी जगभर लक्षात राहिला, हा दैवाचा विनोद वेगळा.)

ब्रिटनने तर हे १९७४ सालीच कायद्यात आणले. ठरावीक वर्षे नवा गुन्हा न करता गेली की जुनी शिक्षा संपलेली मानायची आणि नोकरीच्या अर्जात ती सांगण्याची सक्ती नाही. अडीच वर्षांपेक्षा मोठ्या तुरुंगवासाला मूळ कायद्यात ही सवलत नव्हती. ती मर्यादा पुढे वाढवली गेली. मुलांबरोबरची कामे आणि अशा इतर नाजूक जागांसाठी अपवाद ठेवले. मुदत, मर्यादा, अपवाद. यात दयामायेचा गहिवर कुठेच नाही, आणि मला तेच आवडते. क्षमा भावनेवर सोडली की ती देखण्या, बोलक्या, ओळखीपाळखीच्या माणसांना मिळते. नियम असला तर निदान मुखदुर्बळालाही मिळते.

आता सर्वांत कठीण आक्षेप. विसरायला सांगणारा बहुतेक वेळा तोच असतो ज्याला आठवण अडचणीची आहे. हुकूमशाही संपल्यावर स्पेनने १९७७ साली राजकीय गुन्ह्यांना सरसकट माफीचा कायदा केला. लोकशाही स्थिरावली, हे त्याचे श्रेय. पण यादवी युद्धातल्या सामूहिक खड्ड्यांत पुरलेल्या आपल्या माणसांची हाडे शोधणाऱ्या कुटुंबांना पुढची कित्येक वर्षे ‘जुने उकरू नका’ हेच ऐकावे लागले. खड्ड्यांचा शोध घेण्याची जबाबदारी सरकारवर टाकणारा कायदा यायला २०२२ उजाडले. इथे ‘उकरू नका’ हा शब्दशः अन्याय होता.

दक्षिण आफ्रिकेने म्हणून वेगळी अट घातली. १९९५ च्या कायद्याने वर्णभेदाच्या काळातल्या राजकीय गुन्ह्यांना माफी मिळणार होती ती सत्य आणि सलोखा आयोगाकडे एकेकट्याने अर्ज करून, आणि काय केले ते सगळे सांगून. सात हजारांहून अधिक अर्ज आले, माफी मिळाली ८४९ जणांना. वर्णभेदाविरुद्ध लढणारे नेते स्टीव्ह बिको १९७७ साली पोलीस कोठडीतल्या मारहाणीनंतर मरण पावले. त्यांच्या कुटुंबाने या माफीच्या तरतुदीलाच घटना न्यायालयात आव्हान दिले आणि १९९६ साली ते हरले. पुढे त्या मृत्यूशी संबंधित पोलिसांनी माफी मागितली, ती १९९९ साली नाकारली गेली, कारण त्यांनी पूर्ण सत्य सांगितल्याचे आयोगाला पटले नाही. नंतर त्यांच्यावर खटला मात्र चालला नाही. या व्यवस्थेत न्याय पुरा झाला असे मी म्हणणार नाही. पण सत्य आधी आणि माफी नंतर, हा क्रम बरोबर होता. ज्याने चूक कबूलच केली नाही, त्याच्या मुदतीचे घड्याळ सुरूच होऊ नये.

आणि ज्याला इजा झाली त्याच्यावर मुदतीचे कोणतेच बंधन नको. त्याने आठवावे, सांगावे, लिहावे, क्षमा करावी किंवा मरेपर्यंत करू नये. त्याला ‘झाले गेले विसरून जा’ म्हणणे हा मोठेपणाचा सल्ला नसून दुसऱ्या वेळचा त्रास असतो. मुदत आहे ती आपल्यासाठी, बघ्यांसाठी. ज्यांचे काहीच बिघडले नव्हते, ज्यांना त्या जुन्या चार ओळी कालच कळल्या, आणि ज्यांना आजपासून त्या माणसाला नोकरी, घर, व्यासपीठ देऊ नये असे वाटू लागले आहे, अशांसाठी.

सत्तेवर बसू पाहणाऱ्यांची गोष्ट निराळी. त्यांनी पदावर असताना काय केले, कोणते कागद सही केले, त्याला मुदत असू नये. ते लोकांचेच काम होते. पण त्यांनी विसाव्या वर्षी काय बरळले, याला माझ्या मते तीच सवलत लागू व्हावी जी इतर कोणाला लागू होते. पाहावे एवढेच की नंतरच्या वीस वर्षांत त्याच बरळण्याप्रमाणे कारभार केला का. केला असेल, तर जुन्या ओळींची गरजच उरत नाही, नवे पुरावे पुरेसे असतात.

मुलांबाबत तर वाद घालण्यासारखे फार काही नाही. कॅलिफोर्नियाने १ जानेवारी २०१५ पासून अठरा वर्षांखालच्यांना स्वतः टाकलेला मजकूर काढून टाकायचा हक्क दिला. दुसऱ्याने त्यांच्याबद्दल टाकलेल्या मजकुराला मात्र तो लागू नाही. आज ज्या मुलांचे रडणे, हट्ट आणि फजिती त्यांच्या आईवडिलांनीच जगाला दाखवली आहे, त्यांना मोठेपणी या त्रुटीची खरी झळ बसेल.

कायदे होतील तेव्हा होतील. वृत्तपत्रांच्या हातात आजच काही आहे. अमेरिकेतल्या क्लीव्हलंडच्या एका वृत्तसंस्थेने २०१८ साली आणि ‘बॉस्टन ग्लोब’ने २०२१ साली अशी सोय केली की जुन्या किरकोळ गुन्ह्याच्या बातमीत ज्याचे नाव आहे तो फेरविचारासाठी अर्ज करू शकतो आणि संपादक एकेक प्रकरण तपासून ठरवतात. सगळ्यांचे नाव निघत नाही आणि निघूही नये. त्याहून सोपी गोष्ट तर अर्जाशिवायही करता येईल. अटक झाली की बातमी नावानिशी येते. खटला उभाच राहिला नाही, किंवा चार वर्षांनी माणूस निर्दोष सुटला, तर ती बातमी बहुधा येत नाही, कारण तोवर ती कोणालाच बातमी वाटत नाही. पहिली बातमी मात्र जालावर तशीच उभी असते. तिच्याखाली निकालाची एक ओळ आणि तारीख जोडायला कोणत्याही संसदेची परवानगी लागत नाही.